पाचवा पंच

नीलेश गोतमारेचा खून मी केला. आज दुपारी सव्वाबारा वाजता माझी कबुली नोंदवली गेली, केस सुटली, आणि पोलीस ठाण्याच्या मुन्शीने पेनाला टोपण लावून मला चहा विचारला.

तर हे काहीच झालेलं नाही, असं धरून आपण नीट सुरुवातीपासून सुरू करू.

रायपूरला चौबे कॉलोनीत, एका दंतवैद्याच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, आमचं ऑफिस आहे. खाली दात कोरतात, वर आम्ही खून मोजतो. अकरा देश मिळून एक अभ्यास चालू आहे: खून झाल्यावर पोलिसांना तो कशामुळे सुटतो आणि कशामुळे सुटत नाही. काही देशांत शंभरातले नव्वदच्या वर सुटतात. काही देशांत वीस सुटले तरी पेढे वाटत असतील. हा फरक का, ते शोधायला छत्तीसगडच्या वाट्याला दोनशे बारा जुन्या फायली आल्या, आणि त्या फायलींच्या वाट्याला मी, ओजस देशकर, वय पंचवीस, संख्याशास्त्रात पदवी, विनोदबुद्धी विनामूल्य.

काम सोपं आहे. प्रत्येक फाईलचे सत्तेचाळीस रकाने भरायचे. मारणारा ओळखीचा होता का? खून घरात झाला की रस्त्यावर? हत्यार कोणतं? (बंदुकीचे कमी सुटतात, बंदूक लांबून चालते, पुरावा जवळ येत नाही.) पोलीस किती वेळात पोचले? तपास करणाऱ्याच्या टेबलावर आधीच किती फायली होत्या? मेलेल्या माणसासाठी कोणी ठाण्यात चकरा मारल्या का? माणूस मरतो एकदाच, पण त्याचे रकाने सत्तेचाळीस.

एकच फाईल दोघं जण भरतात, एकमेकांची न बघता. दुसरी शर्मिष्ठा. तिचे आजोबा अमरावतीहून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. आम्ही भरून झालं की संगणक दोन्ही ताडून बघतो. आमचं शंभरात ब्याण्णव जुळतं. माझ्या आईवडिलांचं एवढं कधी जुळलं नाही. उरलेल्या आठांचा निकाल शालिग्रामकाका देतात. ते पोलीस खात्यातून निवृत्त झालेले मुन्शी. बत्तीस वर्षं ठाण्यात बसून लिहीत होते. आरोपी कोण ठरला त्याचा तक्ता मात्र वेगळ्या कुलपात असतो. शेवट माहीत असलेला माणूस सुरुवात वाकडी भरतो, म्हणून.

काकांनी आमच्या यादीत दोन देशी रकाने घुसवले होते. प्रेत सापडलं की पोलीस पाच पंच गोळा करतात, त्यांच्यासमोर पंचनामा होतो, पाच सह्या किंवा अंगठे. म्हणून रकाना एकतीस: पाचवा पंच कोण. रकाना बत्तीस: त्याला कोणी बोलावून आणलं. मी विचारलं, "काका, चौथ्यानं काय घोडं मारलंय?"

"चार जमतात रे पोट्ट्या," काका म्हणाले. "पाचवा जमत नाही. ज्याले पाचवा जमला, त्याची केस जमली."

आणि दुसरा त्यांचा नियम: रकाना रिकामा सोडायचा नाही. माहिती नसेल तर नव्व्याण्णव लिहायचं. "रिकाम्या जागी कोणी ना कोणी येऊन बसते," ते म्हणायचे. रेल्वेच्या जनरल डब्याबद्दल बोलत असावेत असं मला वाटायचं.

मी भाड्याने राहतो ते पद्मिनीमावशींच्या मागच्या खोलीत. मावशी माझ्या कोणी नाहीत, पण भाडं घेताना माझी उरलेली पोळी मोजतात, म्हणजे आहेतच. त्यांचा एकुलता एक मुलगा नीलेश उरल्याला, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका रोलिंग मिलमध्ये माल तपासायला होता. दहा मार्च दोन हजार एकोणीस, रविवार, दुपारची पाळी. मिलच्या मागच्या रस्त्यावर तो पडलेला सापडला, डोक्यात लोखंडी सळीचा घाव. पाकीट खिशात, फोन खिशात, डबा शेजारी. बघणारं कोणी नाही.

मावशी कधीच विचारत नसत की कोणी मारलं. "ते पोलिसांचं काम," त्या म्हणायच्या. "मले फक्त एवढं सांग ओजस, त्यानं डबा खाल्ला होता का? पाटोडीची भाजी दिली होती. वर्षभर मागून राहिला होता, मी करतच नव्हते. त्या दिवशी केली. तीन पोळ्या अन् पाटोडी."

फायलीत 'डबा रिकामा' एवढंच होतं. रिकामा म्हणजे खाल्लेला की सांडलेला, कुत्र्याने नेलेला, ते नाही. शवविच्छेदनात पोटातल्या अन्नाची ओळ असते. त्या ओळीवर बरोब्बर ऑफिसचा गोल शिक्का बसलेला. हे मला माहीत होतं, कारण एप्रिलमध्ये चिठ्ठी काढून फायली वाटल्या तेव्हा नीलेश माझ्या वाट्याला आला. बाहेर सांगायची परवानगी नसते. मी सांगितलं नाही. पण चहा घेताना त्यांच्याकडे बघणं अवघड झालं.

आमच्या गणिताने नीलेशची केस सुटायची शक्यता काढली: शंभरात सात. रस्ता, अनोळखी, साक्षीदार नाही, पोलीस तीन तासांनी. त्याच आठवड्यात मावशींना कोणीतरी सांगितलं की खात्मा लागणार. खात्मा म्हणजे आरोपी सापडत नाही म्हणून फाईल बंद. मावशींनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला, आणि गॅस लहान केला.

नत्थू मला सापडला तो मे महिन्यात.

पहिल्यांदा मी हसलो. 'पंच क्रमांक पाच: नत्थू वल्द गंगाधर, उम्र ४१, पेशा मजदूरी, निवासी भनपुरी, काँटे के पास.' एक केस महासमुंदकडची, दुसरी धमतरीकडची. मजुरी करणारा माणूस मरणाऱ्यांच्या मागे जिल्हा-जिल्हा फिरतोय, हे बघून मला त्याच्या कष्टाळूपणाचं कौतुक वाटलं. मग एक फाईल एक्क्याण्णवची निघाली. त्यातही वय एक्केचाळीस. मग दोन हजार सतराची. एक्केचाळीस.

"ये तो ऐरा-गैरा नत्थू खैरा है," शर्मिष्ठा म्हणाली, म्हणजे आपला सोम्यागोम्या. "कोई नहीं मिला तो नाम डाल दिया."

काकांनीही तेच सांगितलं, फक्त बराच वेळ चष्मा पुसून. "पाचवा नाही भेटला की नाव लिहायचे. कोणत्याही ठाण्यात हेच लिहायचे, काहून ते मले नाही माहीत. मले शिकवलं त्यानं हेच शिकवलं."

"आणि अंगठा कोणाचा?"

"अंगठा असायचा."

"म्हणजे तुम्ही घ्यायचे?"

"मी चार घ्यायचो," काका म्हणाले. "कागद पुन्हा हातात घ्यायचो, तं पाच असायचे."

खाली दंतवैद्याचं मशीन बंद झालं. आम्ही तिघांनी स्क्रीनवर अंगठे मोठे करून पाहिले. एक्क्याण्णवचा, नव्व्याण्णवचा, सतराचा. निळ्या शाईत, अंगठ्याच्या मधोमध, एकच तिरका काप. विळा लागल्यासारखा.

आता मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. मी नमुन्याच्या आकारावर ठेवतो. दोनशे बारांत नत्थू चौदा वेळा होता. मी त्याला गणितात टाकला. हत्यार, ओळख, वेळ, सगळी कारणं बाजूला पडली. नत्थू असलेल्या चौदाच्या चौदा केसेस सुटल्या होत्या. सगळ्या पंचनाम्यापासून नवव्या दिवशी. पोलिसांनी कोणाला पकडलं नव्हतं. प्रत्येक वेळी कोणीतरी आपल्या पायाने, दिवसाउजेडी ठाण्यात आला आणि सांगून गेला. असलं स्वच्छ गणित शाळेच्या पुस्तकातही नसतं.

मी गंमत म्हणून इतर देशांच्या चमूंना पत्र पाठवलं: तुमच्याकडे असा कोणी आहे का? दहांपैकी नऊ जणांनी हसरे चेहरे पाठवले. फिनलंडच्या बाईंनी चार दिवसांनी उत्तर दिलं. त्यांच्याकडे पंच नसतात. पण तीन फायलींत बर्फात उभा असलेला एक बघ्या नोंदवला होता, नाव नाही, पायात चप्पल, वय अंदाजे एक्केचाळीस. तिन्ही सुटल्या. कबुली देणाऱ्यांना 'इतके दिवस का थांबलात' असं विचारलं, तेव्हा तिघांचं उत्तर एकच शब्द होता. बाईंनी तो आमच्यासाठी इंग्रजीत करून पाठवला. मी मराठीत करतो: आठवलं.

मी आमच्या चौदा कबुल्या काढल्या. (देणाऱ्याचं नाव त्यांत झाकलेलं असतं.) चौदा वेळा, मुन्शींच्या चौदा हस्ताक्षरांत: 'याद आ गया.'

मला मनापासून सांगायचं तर भीती वाटली नाही. मला उत्सुकता वाटली. आणि त्याच संध्याकाळी मावशी वाटीत पाटोडी घेऊन आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा केली होती. "खात्म्याचा कागद येईल तं मग विचारायले कोणी राहणार नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, करून पाहू, चव तरी आठवते का." त्यांनी स्वतः खाल्ली नाही. मी खाताना बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी नीलेशची फाईल उघडली. पंचनाम्यावर चार सह्या. पाचवी ओळ कोरी. रकाना एकतीसमध्ये मी एप्रिलमध्ये नव्व्याण्णव लिहिलं होतं.

मी नव्व्याण्णव खोडून 'नत्थू' लिहिलं.

एकतीस भरला की बत्तीस भरल्याशिवाय संगणक पुढे जाऊ देत नाही. त्याला कोणी बोलावून आणलं? खेड्यात हे काम गावचा कोटवार, म्हणजे आपल्याकडचा कोतवाल, करतो. उरल्याला कोटवार कुठला. मी क्षणभर थांबलो, आणि मला विनोद सुचला. मला तो लगेच सुचतो, हीच माझी अडचण आहे. मी लिहिलं: ओजस वल्द प्रताप. म्हणजे मीच, वडिलांच्या नावासकट.

तो पहिला दिवस.

तिसऱ्या दिवशी पडताळणी झाली. एकतीस, बत्तीस, दोन्ही जुळले नाहीत. शर्मिष्ठाकडे नव्व्याण्णव होतं. ती माझ्या टेबलाशी आली. "तुमने खोटा डाटा भरा?" तिने 'खोटा' हा शब्द मराठीत वापरला, म्हणजे ती रागावली होती. मी मान डोलावली. काकांनी निकाल द्यायला मूळ कागद स्क्रीनवर उघडला, आणि मला शिव्या न देता नुसते मागे टेकून बसले.

पाचव्या ओळीवर अंगठा होता. निळा, मधोमध तिरका काप.

"मेरे टाइम पे नहीं था," शर्मिष्ठा म्हणाली.

काकांनी नियमाप्रमाणे निकाल दिला: कागदावर आहे, म्हणून आहे. ओजस बरोबर. अभ्यासात मी पहिल्यांदाच वादात जिंकलो होतो. कागद स्कॅन करून वर्ष झालं होतं. शाई ओली दिसत होती.

पाचव्या दिवशी मी आणि शर्मिष्ठा तिच्या स्कूटीवर भनपुरीला गेलो. सकाळचे अकरा. ट्रकांची रांग, डिझेलचा वास, दातांत कचकचणारी धूळ. 'काँटे के पास' म्हणजे ट्रक तोलायचा काटा. तिथे एक पत्र्याची केबिन आणि एक प्रौढ माणूस, धर्मपाल नावाचा, वजनाच्या पावत्या फाडत होता.

"नत्थू?" तो वर न बघता म्हणाला. "हव, यहीं बैठता है. अभी नहीं है. चार-पाँच दिन पहले एक लड़का बुलाने आया था, दस्तखत के लिए."

"कौन लड़का?" शर्मिष्ठाने विचारलं.

आता त्याने वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"काहे मजाक करते हो भैया," तो म्हणाला, आणि पुढच्या ट्रकला हात केला.

केबिनच्या मागच्या भिंतीवर लोक शाईचा अंगठा पुसतात तसे डाग होते. कमरेपासून छपरापर्यंत. आम्ही सगळे बघितले नाहीत. जेवढे बघितले तेवढ्यांवर काप होता.

सातव्या दिवशी शर्मिष्ठाने काकांकडून दुसऱ्या कुलपाची किल्ली मागितली आणि काकांनी दिली. तिने आरोपींचा तक्ता आणि आमचा रकाना बत्तीस शेजारी-शेजारी ठेवला. चौदा ओळी. नऊ कोटवार, एक शाळामास्तर, एक न्हावी, दोन शेजारी, एक हवालदार. ज्याने नत्थूला बोलावून आणलं, तोच नवव्या दिवशी आला होता. चौदाच्या चौदा.

"ओजस, दस मार्च उन्नीस को तुम कहाँ थे?"

हे सोपं होतं. नागपूरला. सुनेत्राताईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा साखरपुडा. कॉलेजातून मुद्दाम रजा काढून गेलो होतो. फोटो आहे, मी डाव्या टोकाला, हातात बुंदीच्या लाडवाचं ताट.

मी तिथूनच ताईला फोन लावला.

"तू कुठं होतास माझ्या साखरपुड्याला?" ताई म्हणाली. "तुझी परीक्षा होती ना. बाबा अजून बोलतात त्यावरून. काहून रे, आज काय झालं?"

तिने फोटो पाठवला. डावं टोक रिकामं होतं. ताट शेजारच्या खुर्चीवर.

आठव्या दिवशी मला तापलेल्या लोखंडाचा वास यायला लागला. मी उरल्याला कधी गेलेलो नाही. तरी मला माहीत होतं की मिलच्या मागच्या भिंतीला एक विटेचं भोक आहे आणि दुपारी त्यातून येणारं ऊन रस्त्यावर पडतं. सळी किती जड असते ते माझ्या उजव्या मनगटाला माहीत होतं.

का मारलं ते मात्र आठवत नव्हतं. अजूनही नाही. चौदांपैकी कोणालाच आठवलं नव्हतं. आमच्या तक्त्यात 'कारण' या रकान्यात चौदा वेळा नव्व्याण्णव आहे.

शर्मिष्ठाने एकतीस आणि बत्तीस पुन्हा नव्व्याण्णव करून बघितले. काकांचा निकाल लागला की रकाना बंद होतो. उघडायचा तर अकरा देशांची सही लागते.

आज नववा दिवस.

सकाळी मावशी अंगणात कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी जाऊन पायरीवर बसलो. काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं.

"मावशी, त्यानं डबा खाल्ला होता."

त्यांनी पाणी थांबवलं नाही. "फायलीत निघालं का?"

"नाही. पाटोडीची वाटी त्यानं पुसून खाल्ली. बोटानं. तीन पोळ्या खाल्ल्या. चौथी मला दिली."

पाणी कुंडीतून वाहून पायरीवर आलं.

"तीन होत्या," मावशी म्हणाल्या.

"चार होत्या. चौथी खाली, घडी घालून, त्याला दिसू नये म्हणून. तो म्हणाला, आई नेहमी एक लपवून देते, तू घे."

मावशींच्या हातातला मग कलला होता आणि त्यातून थेंब-थेंब गळत होतं.

"चौथीचं मी पोलिसांले पण नव्हतं सांगितलं," त्या म्हणाल्या. "कोणालेच नव्हतं सांगितलं."

मग त्या आत गेल्या. मला वाटलं आता आरडाओरडा होईल, शेजारी येतील. दाराच्या फटीतून मी पाहिलं. त्या पलंगावर आडव्या झाल्या होत्या, भर सकाळी, पदर तोंडावर घेऊन. थोड्या वेळाने घोरायला लागल्या. त्यांना सहा वर्षं झोप नव्हती. घरातल्या भिंती पातळ आहेत, मला माहीत आहे.

मी रिक्षा करून ठाण्यात आलो.

मुन्शीने विचारलं, "इतने साल बाद?" मी म्हणालो, "याद आ गया." त्याने ते लिहून घेतलं. ते लिहिताना तो जराही चकित झाला नाही.

आता मी ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो आहे. साहेब दौऱ्यावर आहेत, ते आल्याशिवाय पुढे काही होत नाही. हवालदाराने दोन कोरे कागद दिले. माझ्या शेजारी भिंतीवर कोणीतरी नुकताच अंगठा पुसलेला आहे. मी तिकडे बघत नाही.

पहिल्या कागदावर मी अर्ज लिहिला होता की रकाना एकतीस व बत्तीस पूर्ववत नव्व्याण्णव करण्यात यावेत. अकरा देशांना प्रती. मग मला मावशींचं घोरणं आठवलं. रकाना पुन्हा नव्व्याण्णव झाला तर चौथी पोळी कोणी खाल्ली नाही असं होईल. मी तो कागद फाडला आणि त्याचे तुकडे खिशात ठेवले, ठाण्यात कचरा नको म्हणून.

हा दुसरा कागद.

प्रति, मा. प्रकल्प संचालक. विषय: पंचाच्या वयातील दुरुस्तीबाबत. महोदय, अर्जदार सर्व बाबी कबूल करतो आणि स्वतःसाठी काहीही मागत नाही. तथापि माणूस एकदा बेचाळीसचा झाला, की कधीतरी साठचा होतो, थकतो, आणि कोणी बोलवायला आलं तरी उठत नाही. तरी सन एक्क्याण्णवपासून झालेला विलंब माफ करून, पंच क्रमांक पाच, नत्थू वल्द गंगाधर, निवासी भनपुरी, यांचे वय चालू वर्षापासून बेचाळीस धरण्यात यावे, ही नम्र विनंती.